म्हाताऱ्या सांबराचे छायाचित्र

ताडोब्याच्या जंगलात सफारीची गाडी थांबते ती बहुधा वाघासाठी. वाटेत सांबर दिसले तर चालक वेग किंचित कमी करतो, कोणीतरी घाईने एखादे छायाचित्र टिपतो आणि गाडी पुढे निघते. त्यातून ते सांबर वयस्क असेल, पाठ खचलेली, कानाची कड फाटलेली, शिंगे ओबडधोबड, तर कॅमेरे मांडीवरच राहतात. वाचकहो, आपण साठी-सत्तरी ओलांडलेली असेल, किंवा घरातील वृद्ध व्यक्तीची देखभाल आपल्याकडे असेल, तर आमची विनंती नेमकी उलट आहे. जंगलात गेल्यावर एकदा तरी गाडी या प्राण्यापाशी थांबवायला सांगा आणि पंधरा मिनिटे तिथेच राहा.

ही विनंती भावनेपोटी केलेली नाही, तिला व्यवहाराचा आधार आहे. उडता पक्षी किंवा धावता वाघ टिपायला चपळ बोटे आणि जड भिंगे लागतात. वयस्क सांबराच्या छायाचित्राला लागतो तो धीर, आणि तो आपल्या वयात पुष्कळ साठलेला असतो. शिवाय शरीरावर वयाच्या खुणा कशा उमटतात हे बारकाईने पाहण्याची सवय घरी परतल्यावरही उपयोगी पडते. कशी, ते पुढे येईलच.

रानात म्हातारपण असते का?

रानात कोणी म्हातारे होत नाही, त्याआधीच वाघ किंवा रानकुत्री त्याचा निकाल लावतात, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो पूर्ण खरा नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेस रम नावाचे बेट आहे. तेथील तांबड्या हरणांचा अभ्यास १९५० च्या दशकापासून चालू आहे, आणि १९७२ पासून बेटाच्या उत्तर भागातील एकेक हरीण ओळखून त्याची जन्मापासून मृत्यूपर्यंत नोंद ठेवली जाते. या नोंदींमधून स्पष्ट दिसले की वन्य हरणांनाही वार्धक्य येते. वय वाढले की माद्यांची पिले होण्याची शक्यता कमी होते, नरांची झुंजण्याची ताकद ओसरते, दात झिजतात. रमवर हरणांना खाणारा मोठा शिकारी प्राणी नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. ताडोब्यात वाघ, बिबट्या आणि रानकुत्री तिन्ही आहेत आणि सांबर हे वाघाचे आवडते भक्ष्य आहे. त्यामुळे येथे म्हातारपणापर्यंत पोहोचणारी सांबरे थोडी. जे पोहोचले त्याने दहा-बारा उन्हाळे, तितकीच माजाची झुंज आणि असंख्य रात्री पार केलेल्या असतात. बंदिवासात, जिथे शत्रू नाही आणि चारा आयता आहे, तिथे सांबरे वीस वर्षांपुढेही जगली आहेत.

ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ साली घोषित झालेले. साग, बांबू, मोह, ऐन यांचे कोरडे पानझडी रान आणि मधोमध तलाव. सांबराला हेच हवे असते, दाट सावली आणि जवळ पाणी. भारतातील हरणांमध्ये ते सर्वांत मोठे. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी दीड मीटरच्या आसपास उंच भरतो आणि वजनाने दोनशे किलोंच्या पुढे सहज जातो. चितळाचे ठिपके त्याच्या अंगावर नसतात. रंग मातकट तपकिरी, आणि नर वयस्क होत जातो तसा तो अधिकाधिक काळवंडतो. आपले केस पांढरे होतात. त्याचे अंग काळे पडते, फक्त मुस्कटावर आणि डोळ्यांभोवती राखाडी छटा येते.

वय कसे ओळखावे

एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका. आधी पाठीची रेषा पाहा. तरुण नराची पाठ सपाट असते. वयस्काची मधोमध खाली दबलेली आणि पोट ओघळलेले असते. मग मागचा भाग. मांड्यांचे मांस उतरले की कमरेची हाडे कातडीखाली टोकदार दिसू लागतात. मानेखालची कातडी सैल पडते, केस राठ आणि विस्कटलेले असतात, कानांच्या कडांना जुन्या जखमांच्या खाचा असतात. या खाचा छायाचित्रात नीट टिपून ठेवा, कारण पुढच्या वर्षी तेच सांबर भेटले तर ओळख पटते ती त्यांच्यावरून. आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे उठणे. बसलेले सांबर उठताना पाहायला मिळाले तर कॅमेरा खाली ठेवा आणि नुसते पाहा. तरुण जनावर एका झटक्यात उभे राहते. म्हातारे आधी मागचा भाग उचलते, पुढच्या गुडघ्यांवर क्षणभर थांबते आणि मग उभे राहते. तो क्षणभराचा थांबा आपल्या परिचयाचा आहे.

फसवणाऱ्या खुणाही सांगितल्या पाहिजेत. मे महिन्यात सगळीच सांबरे हाडकुळी दिसतात. तो चाऱ्याचा तुटवडा असतो, वय नव्हे. माजाचा काळ संपल्यावर धडधाकट नरही खंगलेला दिसतो, कारण त्या दिवसांत त्याचे खाण्याकडे लक्षच नसते. सांबराच्या गळ्याच्या खालच्या बाजूस कधीकधी केस गेलेला, लालसर, ओलसर चट्टा दिसतो. पर्यटक हळहळतात, कोणी तो वाघाचा घाव समजतो, कोणी त्वचारोग. तो सांबरांमध्ये ठरावीक काळात दिसणारा नैसर्गिक चट्टा आहे आणि निरोगी जनावरांवरही आढळतो. आणि शिंगे नसलेला नर म्हणजे म्हातारा, असेही नाही. हरणांची शिंगे गळतात आणि पुन्हा येतात.

एकटा उभा असलेला वयस्क नर पाहून त्याच्या एकाकीपणाची कथा रचण्याचा मोह अनेकांना होतो. छायाचित्रांखालच्या ओळींमध्ये तर हा मोह फारच दिसतो. परंतु सांबराचे नर माजाचा काळ सोडला तर तरुणपणीही बहुधा एकटेच असतात. तो कळपाने टाकून दिलेला नाही. आपल्या मनातले दुःख त्याच्या पाठीवर लादण्याचे कारण नाही, आणि त्याने छायाचित्रही चांगले होत नाही.

दात, शिंगे आणि आपले शरीर

रवंथ करणाऱ्या प्राण्याचे आयुष्य त्याच्या दातांवर मोजले जाते असे म्हटले तर फार चूक होणार नाही. सांबराच्या वरच्या जबड्यात पुढे पटाशीचे दात नसतात. तिथे कठीण हिरडीची गादी असते. खालच्या दातांनी पाला त्या गादीवर दाबून तो तोडतो आणि मागच्या दाढांनी दळतो. दाढा झिजत जातात आणि पुन्हा उगवत नाहीत. झिजलेल्या दाढांनी चारा नीट बारीक होत नाही, बारीक न झालेला चारा नीट पचत नाही, आणि समोर हिरवे रान असूनही जनावर खंगत जाते. आपण पाहतो त्या खचलेल्या पाठीमागे बहुधा ही दाढांची गोष्ट असते.

आता घरात पाहा. आजोबांनी भाकरी सोडून पोळी, पोळी सोडून मऊ भात आणि भात सोडून पेज धरली, तर घरातले म्हणतात, "आता वय झाले, भूक मंदावली." पुष्कळदा भूक मंदावलेली नसते, दात दुखत असतात, कवळी सैल झालेली असते, तोंड कोरडे पडत असते. डाळी, उसळी, शेंगदाणे, फळे एकामागून एक ताटातून नाहीशी होतात आणि त्याबरोबर प्रथिनेही. सांबराला दंतवैद्य नाही, आपल्याला आहे. सहा महिने ते वर्षभरात प्रयत्न न करता वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो उतरले, तर ते वयाच्या खात्यावर टाकू नये, डॉक्टरांना दाखवावे. दातांपासून थायरॉइडपर्यंत, नैराश्यापासून मधुमेह आणि कर्करोगापर्यंत अनेक कारणे त्यामागे असू शकतात, आणि त्यांतील कितीतरी उपचारांनी सुधारणारी आहेत.

शिंगांची गोष्ट अधिक विलक्षण आहे. गाय, म्हैस, इतकेच काय काळवीटसुद्धा, यांची शिंगे कायमची असतात. काळविटाला आपण हरीण म्हणतो खरे, पण तो हरणांच्या कुळातला नव्हे. सांबर, चितळ, भेकर, बारशिंगा ही खरी हरणे, आणि त्यांच्या नरांची शिंगे म्हणजे भरीव हाड. ती गळतात आणि काही महिन्यांत पुन्हा उगवतात. वाढत्या काळात त्यांच्यावर मखमलीसारखी लव असलेली, रक्तवाहिन्यांनी भरलेली त्वचा असते. इतक्या झपाट्याने वाढणारे हाड प्राणिसृष्टीत अन्यत्र दिसत नाही. त्यासाठी लागणारे कॅल्शियम नुसत्या चाऱ्यातून पुरत नाही, म्हणून हरणाचे शरीर ते स्वतःच्या बरगड्यांसारख्या हाडांतून उसने घेते. त्या काळापुरती त्याची हाडे ठिसूळ होतात आणि शिंगे पूर्ण झाल्यावर पुन्हा भरून निघतात. दरवर्षी येऊन दरवर्षी बरा होणारा हाडांचा ठिसूळपणा!

आपल्या हाडांना ही सोय नाही. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचे आणि पुढे पुरुषांचेही जे हाड झिजते ते आपोआप परत येत नाही. योग्य आहार, सूर्यप्रकाश, चालणे, वजन पेलणारे व्यायाम आणि गरज असेल तर औषधे, यांनी झीज रोखता येते आणि काही अंशी भरूनही काढता येते. परंतु त्यासाठी आधी ती कळायला हवी. म्हाताऱ्या सांबराची शिंगे मात्र त्याचे वय उघड सांगतात. ऐन उमेदीत प्रत्येक शिंगाला तीन लांब, सफाईदार टोके असतात. उतारवयात बुंधा जाड, पण टोके आखूड, बोथट, डावे-उजवे बेमेळ, असे रूप येऊ लागते. शरीर आता शिंगांवर पूर्वीइतका खर्च करीत नाही.

कॅमेरा धरताना

सांबर पहाटे आणि सायंकाळी अधिक हिंडते. दुपारी सावलीत बसते. सकाळचा तिरपा प्रकाश वयस्क अंगासाठी उत्तम, कारण त्यात बरगड्यांची सावली, केसांचा राठपणा, डोळ्याखालच्या घड्या सगळे उठून दिसते. भर दुपारी हेच अंग सपाट दिसते. मागे उन्हात चमकणारे पिवळे गवत असेल तर कॅमेरा त्या उजेडाला भुलतो आणि सांबर निव्वळ काळा डाग होते. अशा वेळी प्रकाशमान किंचित वाढवा. भिंग डोळ्यावर साधा. प्राण्याचा डोळा सुस्पष्ट असेल तर बाकीचे थोडे मऊ राहिले तरी चालते. केवळ चेहऱ्याजवळ जाण्याचा हट्ट नको. पाय, पायाखालची जमीन, मागचा बांबू, पुढचे पाणी हे सगळे चौकटीत येऊ द्या. ते कोठे आणि कसे जगले हे त्यातूनच कळते.

हात थरथरतो म्हणून अनेक ज्येष्ठ छायाचित्रणाचा नाद सोडतात. त्याची गरज नाही. तांदूळ किंवा मूग भरलेली जाड कापडाची उशी गाडीच्या कठड्यावर ठेवा आणि कॅमेरा तिच्यावर टेकवा; तिपाईपेक्षा हे गाडीत अधिक सोयीचे. शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका किंवा त्याहून जलद ठेवा. एकाच दाबात पाच-सहा चित्रे घेण्याची सोय चालू करा. त्यांतले एक तरी स्थिर येते. तीन-तीन किलोंची भिंगे मनगटाच्या आणि अंगठ्याच्या संधिवाताला झेपत नाहीत. किलोभराच्या आत-बाहेर वजनाचा, न बदलणाऱ्या लांब भिंगाचा कॅमेरा पुरे. पट्टा मानेत नको, खांद्यावरून तिरपा घ्या. नेत्रिकेजवळ एक लहानशी चकती असते. ती फिरवून आपल्या नजरेच्या नंबराप्रमाणे चित्र स्पष्ट करता येते, हे अनेकांना वर्षानुवर्षे माहीत नसते. दुर्बीण घ्यायची तर ८×४२ ची. दहापट किंवा बारापट मोठे दाखवणारी दुर्बीण हाताचा कंपही तितकाच मोठा करून दाखवते. ताडोब्यात सफारीदरम्यान मोबाइल नेण्यास बंदी आहे, तेव्हा मोबाइलच्या कॅमेऱ्यावर विसंबू नका.

एम. कृष्णन (१९१२–१९९६) हे मद्रासचे निसर्गलेखक कृष्णधवल छायाचित्रे काढीत, तीही निरनिराळे सुटे भाग जोडून स्वतः सिद्ध केलेल्या कॅमेऱ्याने. 'द स्टेट्समन' या दैनिकातील त्यांचे सदर १९५० मध्ये सुरू झाले आणि ते अखेरपर्यंत चालले. आपल्याकडे मारुती चितमपल्ली वनखात्यातून निवृत्त झाल्यावर पक्षी, प्राणी, वृक्ष यांच्या कोशांत गढून गेले. वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, २०२५ साली, त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. अशी उदाहरणे वाचून छाती दडपण्याचे कारण नाही. आपल्यापुढचे काम एका सांबराचे आहे.

डॅलस येथे झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा येथे उल्लेख करावासा वाटतो. साठ ते नव्वद या वयोगटातील लोकांना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, नवे कौशल्य शिकवले गेले. काहींना डिजिटल छायाचित्रण, काहींना गोधडी शिवणे, काहींना दोन्ही. नुसत्या गप्पागोष्टी, सहली किंवा घरी बसून सोपी करमणूक करणाऱ्यांच्या तुलनेत कौशल्य शिकणाऱ्यांच्या प्रसंगस्मृतीत सुधारणा आढळली, विशेषतः छायाचित्रण शिकणाऱ्यांच्या. याचा अर्थ कॅमेऱ्याने स्मृतिभ्रंश बरा होतो असा नव्हे. मात्र सून किंवा नातू कॅमेरा हातात घेऊन "थांबा, मीच करून देतो" असे म्हणतो, तेव्हा तो आपल्याकडून नेमका तो कष्टाचा भाग काढून घेत असतो ज्यात लाभ आहे. सोबत जाणाऱ्यांनी कठडा धरावा, पाणी द्यावे, दिशा सांगावी. बटण दाबू नये.

चार तासांची तयारी

सकाळची सफारी सूर्योदयाच्या सुमारास सुरू होऊन सुमारे चार तास चालते. उघड्या जिप्सीत मागचे आसन चाकांवर येते आणि खड्ड्यातला प्रत्येक दणका थेट कण्यात जातो. हाडे ठिसूळ असलेल्यांच्या कण्याच्या मणक्याला असा दणका पुरेसा ठरू शकतो. म्हणून पुढचे किंवा मधले आसन, खाली जाड उशी, आणि "सावकाश न्या" ही सूचना गाडी सुरू होण्याआधीच. याउपर पाठीत अचानक तीव्र कळ आली तर ती उसण समजून मालिश करू नये, तपासून घ्यावे.

लघवीची अडचण होईल या धास्तीने ज्येष्ठ मंडळी, विशेषतः स्त्रिया, आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. हा मार्ग धोक्याचा आहे. विदर्भाच्या कोरड्या हवेत चक्कर, मूत्रसंसर्ग, बद्धकोष्ठ सगळे त्यातून येते. सफारीच्या मार्गावर स्वच्छतागृह कोठे आहे हे आधी विचारा, तिथे थांबण्याचे ठरवून घ्या, गरज वाटली तर प्रौढांसाठीची शोषक चड्डी वापरा. यात लाज कसली? लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यावी हे आपल्या डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. मधुमेहाचे इन्सुलिन किंवा गोळी घेऊन न्याहारी चार तास लांबवणे हा त्याहून मोठा धोका. खाण्याची वेळ आणि औषधाची वेळ यांची सांगड आधी घाला आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर असू द्या. शेंगदाण्याचा लाडू साखर इतक्या लवकर चढवत नाही. मोबाइल जवळ नसतो, म्हणून आपला आजार सोबतच्या व्यक्तीला, चालकाला आणि मार्गदर्शकाला निघण्यापूर्वी सांगितलेला बरा.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उघड्या गाडीतला वारा बोचरा असतो. हृदयविकार असलेल्यांनी छाती, कान, डोके झाकून घ्यावे. धूळ सर्व ऋतूंत असते. दमेकऱ्यांचा पंप पिशवीच्या तळाशी असू नये. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल तर प्रवास डॉक्टरांच्या परवानगीनेच आणि डोळ्यांना बंद चष्मा. बराच वेळ बसून एकदम उभे राहू नये. घोटे आठ-दहा वेळा वर-खाली हलवून मग उठावे. सांबराचा तो क्षणभराचा थांबा इथे आपणही घ्यावा.

त्याच्या बाजूने

आपण थांबलो हे सांबराला आवडले आहे का? तो ते सांगतो. कान आपल्याकडे वळतात. चरणे थांबते. पुढचा पाय जमिनीवर आपटला जातो, शेपूट उभी राहते, आणि मग तो घोगरा, रानभर घुमणारा इशारा. पाय आपटला जाईपर्यंत थांबणे म्हणजे उशीर झाला. चरणे थांबले तेव्हाच इंजिन बंद, आवाज बंद, हालचाल बंद. तो पुन्हा खाली मान घालून खाऊ लागला की समजावे, आपल्याला राहू दिले आहे. तरुण जनावराला दोनशे मीटर पळणे काहीच नसते. ज्याच्या दाढा झिजल्या आहेत त्याने पळण्यात घालवलेली शक्ती भरून यायला फार चारा लागतो. उन्हाळ्यात पाणवठा आणि तो यांच्या मध्ये गाडी उभी राहिली तर तो पाणी न पिताच परततो. झगझगता फ्लॅश, शिट्टी, चुटकी, खाण्याचे आमिष यांना नियमानेच मनाई आहे, आणि गळून पडलेले शिंग आठवण म्हणून उचलणे हाही गुन्हा आहे.

"इतके खंगले आहे तर वनखाते त्याला औषध का देत नाही?" असा प्रश्न गाडीत हमखास येतो. जाळ्यात किंवा तारेत अडकलेले, गाडीने जखमी झालेले जनावर दिसले तर अवश्य कळवावे. ते माणसाचे कृत्य आहे. वार्धक्य हे तसे नव्हे. ते सांबर एके दिवशी रानकुत्र्यांच्या पिलांचे अन्न होईल. हे ऐकायला कठोर वाटते, तरीही आमच्या मते ते जंगलावर सोडून द्यावे हेच योग्य.

हे लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ही तुलना कोणाला खटकेल हे ठाऊक असूनही ती करतो. रानातल्या जनावराचे छायाचित्र काढण्यासाठी नियम आहेत, मार्गदर्शक आहे, अंतर आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी काय आहे? अतिदक्षता विभागात नळ्या लावलेल्या, कवळी काढलेल्या, केस विस्कटलेल्या आजींचे छायाचित्र "आजीसाठी प्रार्थना करा" या ओळीसह नातलगांच्या व्हॉट्सॲप गटावर जाते. साठ-सत्तर माणसे ते पाहतात. ज्या बाईने आयुष्यभर पाहुण्यांसमोर पदर सावरला तिला कोणी विचारलेलेही नसते. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बाबतीत तर विचारण्याची पद्धतच संपते. वास्तविक नकार नेहमी शब्दांत येत नाही. मान वळवणे, हात चेहऱ्यावर नेणे, ओठ आवळणे हे त्याचे कान टवकारणेच आहे. विचारा, प्रत्येक वेळी विचारा, आणि उत्तर नकाराचे दिसले तर कॅमेरा खाली ठेवा.

संमती असेल तर मात्र छायाचित्राचा फार मोठा उपयोग आहे. महिन्यातून एकदा, त्याच भिंतीपाशी, त्याच उजेडात, एक समोरून आणि एक बाजूने चित्र घ्यावे. पाठीचा बाक वाढतो आहे का, गळ्याची हाडे वर आली आहेत का, ब्लाउज किंवा सदरा सैल झाला आहे का, हे रोज पाहणाऱ्या डोळ्यांना कळत नाही; सहा महिन्यांची चित्रे शेजारी ठेवली की कळते. भिंतीवर उंचीची खूण करा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा सुमारे चार सेंटीमीटरहून अधिक घट झाली असेल तर मणक्याचे न कळलेले अस्थिभंग झाले आहेत का, हे तपासून घ्यावे. ही चित्रे डॉक्टरांना दाखवण्यासाठी. गटावर टाकण्यासाठी नव्हेत.

कधी जावे?

ताडोब्याचा गाभा भाग पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, बंद असतो आणि एरवी मंगळवारी. ऑक्टोबरात गवत इतके उंच असते की बसलेले सांबर दिसतच नाही. एप्रिल-मे मध्ये पाणवठ्यावर सांबरे हमखास दिसतात, पण चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांना टेकतो आणि ते ऊन आपल्या वयाला मानवणारे नाही. फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य हा काळ ज्येष्ठांसाठी सर्वांत बरा. पानगळ झालेली असते, थंडी ओसरलेली असते आणि बहुतेक नरांच्या डोक्यावर शिंगे अजून शाबूत असतात. विदर्भापर्यंतचा प्रवास झेपत नसेल तर मुंबईकरांना बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे चितळ सहज दिसतात आणि सांबरेही आहेत. सकाळी दार उघडताच जा, गर्दी होण्याआधी. तांदळाची उशी तिथेही न्या, बाकाच्या पाठीवर ती छान बसते. आणि परतल्यावर, चित्र छापून घ्याल तेव्हा, त्याच्या मागे पेन्सिलीने तारीख, जागा आणि कोणत्या कानाला कोणत्या बाजूने खाच आहे, एवढे लिहून ठेवा.